शेवटचा शब्द गिळणारा फेड : घरगुती व्हिडिओतील ध्वनीचे बिघाड आणि त्यांचा शोध

समजा, घरातील आजीला खुर्चीत बसवून, मोबाईल पुस्तकांच्या थप्पीला टेकवून नातवाने तिच्या आठवणी चित्रित केल्या. बोलता बोलता आजी म्हणाली, "दिवस वाईट होते, पण घर आम्ही विकले नाही." संपादन करताना नातवाने या वाक्याच्या अखेरीस दोन सेकंदांचा फेड-आऊट लावला. चित्र अलगद काळोखात विरले, आवाजही त्याच्याबरोबर विरला आणि तयार झालेल्या फाइलीत आजी म्हणते, "घर आम्ही विकले."

हा प्रकार दिसतो तितका विरळा नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नकार त्याच्याही पुढे. कोकणीतला 'ना' तसाच अखेरीस येतो. त्यातच बोलणाऱ्याचा दम वाक्याच्या शेवटी सरत आलेला असतो आणि स्वर आपोआप खाली उतरतो. म्हणजे वाक्याचा अर्थ जिथे ठरतो तिथेच आवाज सर्वांत क्षीण असतो आणि संपादक नेमका तिथेच त्याला आणखी क्षीण करतो. इंग्रजी वाक्यात नकार मध्येच येऊन गेलेला असतो. शेवटचा शब्द अर्धवट ऐकू आला तरी बहुधा निभावते. मराठी वाक्याला ती सवलत नाही.

फेडच्या तक्रारी मात्र एवढ्यावर थांबत नाहीत. आवाज विरण्याऐवजी तुटतो, विरूनही मागे कुजबुजत राहतो, दोन तुकड्यांच्या सांध्यावर खड्डा पडतो, टिचकी वाजते, पडद्यावर ठीक वाटणारा शेवट एक्सपोर्टनंतर बदलतो. या तक्रारी एकमेकींसारख्या वाटतात, पण त्यांची कारणे वेगवेगळी आहेत. म्हणूनच फेडची लांबी कमीजास्त करून पाहण्याचा नेहमीचा उपाय बहुतेक वेळा वाया जातो.

संगणकाच्या लेखी ध्वनी म्हणजे आकड्यांची रांग. व्हिडिओच्या ध्वनीत ही रांग सामान्यतः सेकंदाला ४८,००० आकड्यांची असते. फेड-आऊट म्हणजे त्या आकड्यांना १ पासून ० पर्यंत घटत जाणाऱ्या गुणकाने गुणणे आणि फेड-इन म्हणजे तीच क्रिया उलट. एवढ्या साध्या गुणाकारात बिघडण्यासारखे फारसे काही नसते. 'फेड चालत नाही' असे वाटते तेव्हा फेडने आपले काम बहुधा चोख केलेले असते. घोटाळा त्याच्या आधी, नंतर किंवा शेजारच्या पट्टीवर झालेला असतो.

रेषा सरळ, कान वाकडा

पडद्यावर फेड एका तिरक्या रेषेने दाखवला जातो आणि पाहणाऱ्याची समजूत होते की आवाजही तितक्याच समान गतीने कमी होत असावा. कानाचा हिशेब वेगळा आहे. ध्वनीची पातळी डेसिबलमध्ये मोजतात, त्याचे कारणच हे की कान फरक ओळखतो तो बेरीज-वजाबाकीने नव्हे, तर पटीने. तरंगाची उंची निम्मी झाली की पातळी ६ डेसिबलने उतरते. पण आवाज निम्मा झाला असे माणसाला वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलची घट लागते.

चार सेकंदांचा अगदी सरळ रेषेचा फेड घेऊन पाहावा. पहिल्या सेकंदानंतर गुणक पाऊण झालेला असतो, पण पातळी जेमतेम अडीच डेसिबलने खाली येते. कानाला याचा पत्ताही लागत नाही. दोन सेकंदांनी ६ डेसिबल, तीन सेकंदांनी १२ आणि ३.६ सेकंदांनी २० डेसिबलची घट होते. उरलेल्या ०.४ सेकंदात मात्र वजा २० पासून थेट शून्यतेपर्यंतचा सारा उतार उरकला जातो. ऐकणाऱ्याला वाटते की आवाज बराच वेळ तसाच होता आणि मग एकदम बंद पडला. अशा वेळी संपादक फेड चारचा सहा सेकंद करतो. त्याने लोळण लांबते, तुटकपणा तसाच राहतो.

याच्या उलट तक्रार येते ती डेसिबलच्या हिशेबाने समान उतरणाऱ्या फेडबद्दल. शून्यापासून वजा ६० डेसिबलपर्यंत चार सेकंदांत उतरायचे असेल तर दुसऱ्या सेकंदालाच पातळी वजा ३० वर आलेली असते. रात्रीच्या शांत खोलीत तो आवाज ऐकू येतो. पण दिवाणखान्यात पंखा फिरत असेल, बाहेर रस्ता वाहत असेल, तर श्रोत्याच्या दृष्टीने फेड अर्ध्यावरच संपला. मग 'फेड लवकर लागतो' अशी कुरबुर सुरू होते आणि फेडची सुरुवात पुढे ढकलली जाते, जेणेकरून शांत खोलीत तो भलताच उशिरा लागावा.

तेव्हा लांबी बदलण्यापूर्वी वक्र बदलावा. ॲडोबी प्रीमियरमध्ये ध्वनीच्या सांध्यांसाठी 'कॉन्स्टंट गेन', 'कॉन्स्टंट पॉवर' आणि 'एक्स्पोनेन्शियल फेड' असे तीन पर्याय असतात. दाविंची रिझॉल्व्हमध्ये क्लिपच्या वरच्या कोपऱ्यातील पांढरी खूण आत ओढली की फेड तयार होतो आणि त्याच्या रेषेला बाक देता येतो. आयमूव्ही, शॉटकट व केडेनलाइव्हमध्येही क्लिपच्या टोकाशी ओढायची खूण आहे; क्लिपचॅम्पमध्ये फेड-इन आणि फेड-आऊटच्या सरकपट्ट्या आहेत. जिथे बाक देण्याची सोय नसेल तिथे आवाजाच्या रेषेवर तीन-चार कीफ्रेम ठेवून हवा तो उतार हाताने रचता येतो. हे काम फेडची खूण ओढण्यापेक्षा किचकट, पण बोलण्याच्या ध्वनीला हाच मार्ग अधिक मानवतो, कारण शब्दाच्या शेवटापर्यंत रेषा सपाट ठेवता येते.

याच ठिकाणी डोळ्यांची आणखी एक फसगत होते. टाइमलाइनवर दिसणारी तरंगाची आकृती सामान्यतः उंचीच्या सरळ प्रमाणात काढलेली असते. वजा ४० डेसिबलचा ध्वनी म्हणजे पूर्ण उंचीचा शंभरावा भाग. पन्नास बिंदू उंचीच्या आकृतीत तो जेमतेम अर्धा बिंदू भरतो. पडद्यावर तिथे सपाट रेषा दिसते, आणि 'इथे काहीच नाही' असे मानून कात्री चालवली जाते. आजीच्या 'नाही'तला 'ही' अनेकदा या सपाट रेषेत दडलेला असतो. तरंगाची आकृती उभी मोठी करून पाहण्याची सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती नसेल तर त्या जागेचा आवाज तात्पुरता वाढवून कानाने खात्री करावी.

दोष शोधण्याचा क्रम

प्रकल्पाची एक प्रत करून तीवर काम करावे. शंका असलेला तुकडा सोडून बाकी सर्व ट्रॅक बंद करावेत, त्या तुकड्यावरचे सगळे इफेक्ट काढावेत आणि केवळ फेड ठेवून ऐकावे. तो बरोबर ऐकू आला तर काढलेली एकेक गोष्ट परत आणावी. जिच्या येण्याने फेड बिघडतो तीच दोषी. ही पद्धत वीजतंत्री घरातले एकेक बटण बंद करत फ्यूज उडवणारी जोडणी शोधतो तिच्याहून फारशी वेगळी नाही. घाईत मात्र नेमके उलटे केले जाते : आहे त्यावर आणखी एक इफेक्ट चढवला जातो.

फेड लावूनही आवाज थांबत नसेल तर पहिला संशय दुसऱ्या ट्रॅकवर घ्यावा. व्हिडिओपासून ध्वनी वेगळा केला, पण मूळ क्लिपचा आवाज बंद करायचा राहिला, की एकाच ध्वनीच्या दोन प्रती वाजत राहतात. एक विरते, दुसरी विरत नाही. दोन्ही एकाच क्षणी वाजत असल्याने संपादनभर काही वेगळे जाणवत नाही, आवाज थोडा मोठा आहे इतकेच. उघड पडते ते शेवटी. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला ध्वनी कॅमेऱ्याच्या ध्वनीवर बसवला असेल तरी हेच घडते. स्टिरिओ ध्वनीचे डावे-उजवे भाग सुटे केले असतील आणि फेड एकालाच लागला असेल तर आवाज मरण्याऐवजी एका कानाकडे सरकतो. मोबाईलच्या एकाच स्पीकरवर ऐकणाऱ्याला हे कळतही नाही.

आवाज कमी-जास्त करण्याच्या जागा एकापेक्षा अधिक असतात हेही लक्षात घ्यावे लागते. क्लिपचा स्वतःचा आवाज, त्यावरचे कीफ्रेम, फेड, ट्रॅकचा आवाज आणि सर्वांत शेवटी मुख्य आवाज, असे गुणाकार एकावर एक होत जातात. आधी कीफ्रेमने आवाज उतरवलेला, त्याच जागी पुन्हा फेड लावलेला, म्हणजे उतार दुप्पट तीव्र. लहान तुकड्यांत आणखी एक गंमत होते. तीन सेकंदांच्या तुकड्याला दोन सेकंदांचा फेड-इन आणि दोन सेकंदांचाच फेड-आऊट लावला तर मधला एक सेकंद दोघांच्या वाट्याला येतो. सरळ रेषेचे फेड असतील तर तुकड्याचा सर्वांत मोठा क्षणही मूळ पातळीच्या ५ डेसिबल खाली राहतो. तुकडा कुठेच पूर्ण आवाजाला पोहोचत नाही, आणि दोष मायक्रोफोनला दिला जातो.

फेडनंतर जागे होणारे इफेक्ट

सर्वांत चकवणारा बिघाड इफेक्टच्या क्रमातून येतो. कंप्रेसर किंवा पातळी आपोआप सारखी राखणारा इफेक्ट यांचे कामच मुळी मोठ्या व लहान आवाजांतील अंतर कमी करणे. फेडनंतर असा इफेक्ट लागला की त्याला उतरत जाणारा ध्वनी दिसतो आणि तो इमानेइतबारे त्याला वर उचलू पाहतो. परिणामी फेड रेंगाळतो, मध्येच थबकतो, आणि शेवटी पंख्याची घरघर शब्दांहून ठळक होते. नॉइज गेट नेमके उलट करतो. पातळी ठरावीक मर्यादेखाली गेली की तो दार बंद करतो. त्यामुळे फेडचे शेपूट कापले जाते आणि हळुवार शेवटाऐवजी टक्कन शांतता येते.

सूत्र सोपे आहे : आवाज घडवणारे सगळे इफेक्ट आधी, फेड सर्वांत शेवटी. शॉटकटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर यादीतल्या क्रमाने लागू होतात, त्यामुळे फेडचा फिल्टर ओढून तळाशी ठेवता येतो. क्लिपवरचा फेड मात्र ट्रॅकवर किंवा मुख्य आवाजावर बसवलेल्या इफेक्टच्या आधीच लागतो. तिथे यादीचा क्रम बदलून भागत नाही. अशा वेळी कंप्रेसर ट्रॅकवरून उतरवून क्लिपवर ठेवावा, नाहीतर फेडविना ध्वनी पूर्ण तयार करून वेगळ्या वेव्ह फाइलीत काढावा, ती टाइमलाइनवर आणावी आणि तिच्यावर फेड लावावा.

पण कधीकधी हा कंप्रेसर सॉफ्टवेअरमध्ये नसतोच. तो मोबाईलमध्ये असतो. चतुर्थीच्या घुमट आरतीचे चित्रीकरण याचे उत्तम उदाहरण ठरावे. घुमट, शामेळ आणि कासाळे एका छोट्या खोलीत ऐन भरात आल्यावर मोबाईलचे स्वयंचलित नियंत्रण माइकची ग्रहणशक्ती खाली ओढते. शेवटची थाप पडली, वाद्ये थांबली, की एक-दोन सेकंदांत तेच नियंत्रण ग्रहणशक्ती पुन्हा वर चढवते. भांड्यांचा खणखणाट, मुलांचा गलका, कुणाचे तरी खोकणे हे सारे हळूहळू फुगत पुढे येते. संपादक या जागी फेड-आऊट लावतो तेव्हा फेड खाली उतरत असतो आणि मुद्रित ध्वनी वर चढत असतो. दोघांची बरोबरी होऊन आवाज जागच्या जागी उभा आहे असे वाटते. इथे फेड लांबवून उपयोग नाही. तो आखूड करावा आणि शेवटच्या थापेचा नाद विरू लागताच, नियंत्रण जागे होण्यापूर्वी, सुरू करावा. पुढच्या चतुर्थीला चित्रीकरणाच्या ॲपमध्ये माइकची पातळी हाताने ठरवण्याची सोय असेल तर ती वापरावी.

मुद्रणातच आवाज फाटला असेल तर फेड त्याला बरे करत नाही, हेही इथेच सांगितले पाहिजे. फाटलेला तरंग लहान होतो, पण फाटलेलाच राहतो.

सांध्यावरचा खड्डा आणि फुगवटा

एक तुकडा विरत असताना दुसरा वर येणे म्हणजे क्रॉसफेड. त्यासाठी दोन्ही तुकड्यांना कापलेल्या जागेपलीकडे थोडा राखीव ध्वनी लागतो. एका सेकंदाचा क्रॉसफेड सांध्याच्या मधोमध बसवायचा तर पहिल्या तुकड्याच्या पुढे अर्धा सेकंद आणि दुसऱ्याच्या मागे अर्धा सेकंद मूळ ध्वनी शिल्लक हवा. क्लिप अगदी टोकापर्यंत वापरलेली असेल तर सॉफ्टवेअर क्रॉसफेड नाकारते, आखूड करते किंवा एका बाजूला सरकवते. मोबाईलवर चित्रीकरण करणाऱ्याने बोलणे संपताच लगेच बटण दाबू नये असे जाणकार सांगतात ते यासाठीच. मनात पाच आकडे मोजून थांबवलेल्या चित्रीकरणाला सांधा जुळवणे सोपे जाते.

राखीव ध्वनी असूनही सांध्यावर आवाज दबत असेल तर ते गणिताचे काम आहे. मधल्या क्षणी दोन्ही तुकडे सरळ रेषेने निम्म्यावर आलेले असतात. तुकडे परस्परांशी संबंध नसलेले असतील, उदाहरणार्थ एकीकडे समुद्राची गाज आणि दुसरीकडे बाजारातील गलबला, तर त्यांच्या शक्तींची बेरीज मूळच्या निम्मी भरते आणि ३ डेसिबलचा खड्डा पडतो. म्हणून अशा जागी समशक्तीचा वक्र वापरतात. त्यात मध्यबिंदूला प्रत्येक तुकडा ०.७०७ पटीवर, म्हणजे वजा ३ डेसिबलवर असतो. हाच वक्र एकाच सलग ध्वनीच्या दोन तुकड्यांवर लावला, आणि तरंग तंतोतंत जुळत असले, तर उलट ३ डेसिबलचा फुगवटा येतो. तिथे साधी सरळ रेषाच बरोबर. प्रीमियरमधील 'कॉन्स्टंट पॉवर' व 'कॉन्स्टंट गेन' यांतला भेद हाच; दाविंची रिझॉल्व्हमध्ये वजा ३, शून्य आणि अधिक ३ डेसिबलचे क्रॉसफेड वेगवेगळे दिलेले आहेत. निवड सॉफ्टवेअर करत नाही, ती करणाऱ्याने करायची असते.

मुलाखतीत मधले काही वाक्य गाळून दोन तुकडे जोडले की खोलीचा स्वतःचा आवाज, म्हणजे पंखा, पाखरे, दूरची वाहतूक, यांत खंड पडतो. शब्दांवर क्रॉसफेड लावून हा खंड झाकू पाहणे धोक्याचे, कारण त्यात अक्षरे एकमेकांवर चढतात. त्याऐवजी कुणीही बोलत नसताना खोलीचा वीस-तीस सेकंद आवाज वेगळा घेऊन ठेवावा आणि तो सांध्याखाली सलग पसरावा. मग शब्दांच्या तुकड्यांना अगदी आखूड फेड पुरतात.

आखूड म्हणजे किती? तरंग शून्यरेषेवर नसताना कापला गेला की टिचकी ऐकू येते आणि ती घालवायला ५ ते १० मिलिसेकंदांचा फेड पुष्कळ होतो. अडचण अशी की व्हिडिओ संपादनात बहुतेक गोष्टी फ्रेमच्या मापाने सरकतात. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, ध्वनीच्या १,९२० आकड्यांएवढी. 'प', 'त', 'क' यांसारख्या स्फोटक व्यंजनांचा आरंभ याहून कमी वेळात आटोपतो. एका फ्रेमचा फेड-इनही 'तुळस'मधला 'त' बोथट करू शकतो. जिथे फ्रेमहून बारीक पायरी मिळत नाही तिथे ध्वनी ऑडॅसिटीसारख्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तेवढी जागा दुरुस्त करावी. ऑडॅसिटीतील फेड-आऊट निवडलेल्या ध्वनीवर थेट कोरला जातो, व्हिडिओ सॉफ्टवेअरप्रमाणे वरून पांघरलेला नसतो. म्हणून मूळ फाइलीवर काम करू नये.

जागा चुकते तेव्हा

फेड योग्य, वक्र योग्य, तरी तो शब्दावर पडतो. अशा वेळी ध्वनी आणि चित्र यांची चालच एकमेकांपासून सुटली आहे का ते पाहावे. अनेक मोबाईल उजेडानुसार फ्रेमचा वेग बदलत चित्रीकरण करतात. संपादनाच्या सॉफ्टवेअरला मात्र स्थिर वेग अपेक्षित असतो. छोट्या चित्रीकरणात फरक कळत नाही, तासाभराच्या कार्यक्रमात अखेरीस ओठ आणि शब्द वेगळे पडतात, आणि चित्र पाहून लावलेला फेड ध्वनीवर भलत्याच जागी पडतो. हँडब्रेकमध्ये स्थिर फ्रेमवेग निवडून फाइल आधी रूपांतरित करून घेतली तर ही तक्रार मुळातून जाते. रूपांतर संपादन सुरू करण्यापूर्वी करावे. नंतर केले तर सगळ्या जागा पुन्हा तपासाव्या लागतात. वेगळ्या रेकॉर्डरचा ध्वनी ४४,१०० आकड्यांचा असून ४८,००० चा समजला गेला तर दहा मिनिटांचे बोलणे ९ मिनिटे ११ सेकंदांत संपते आणि स्वरही चढतो. हा दोष इतका ढोबळ असतो की सहसा लगेच ध्यानात येतो.

ब्लूटूथ इअरफोनचा दोष असा ढोबळ नसतो. त्यातला आवाज काही दशांश सेकंदांपर्यंत मागाहून कानी येऊ शकतो. शब्द संपलेला ऐकून जो बटण दाबतो, त्याची खूण तितकीच पुढे पडते. फेड ठरवताना तारेचा इअरफोन वापरावा. लॅपटॉपच्या बारीक स्पीकरवर घुमटाचा खर्ज ऐकूच येत नाही. तिथे विरला असे वाटलेला नाद चांगल्या स्पीकरवर अजून गुंजत असतो.

तपासणी चालू टाइमलाइनवर नव्हे, एक्सपोर्ट केलेल्या फाइलीवर करावी. संपादनाच्या खिडकीत संगणक दमला की ध्वनी अडखळतो आणि फेडला पायऱ्या पडल्यासारख्या वाटतात. फाइलीत त्या नसतात. फाइलीचा अगदी शेवट तुटत असेल तर एक्सपोर्टची समाप्तीखूण फेडच्या आत तर पडलेली नाही ना, हे पाहावे. एमपी४ फाइलीतील एएसी ध्वनी १,०२४ आकड्यांच्या गठ्ठ्यांत बांधला जातो आणि काही प्लेअर शेवटचे क्षण गाळतात; फेडनंतर एक-दोन सेकंदांचा काळा पडदा व शांतता जोडली की हा प्रश्न उरत नाही.

राहता राहिली फेडची जागा. बोलण्यात ती शेवटच्या शब्दानंतर असावी, शब्दावर नव्हे. त्या शब्दानंतरचा श्वासही ठेवावा. चित्राला काळोखात न्यायचे असेल तर चित्र आधी नेता येते, दोघांनी एकत्रच गेले पाहिजे असा नियम नाही. गाण्याच्या बाबतीत समेवर येण्यापूर्वी आवाज विरवणे जाणत्या कानाला अधांतरी लटकवते. सम येऊ द्यावी, तंबोऱ्यावर फेड लावावा. यंत्रांपूर्वीही हे भान होते. गुस्ताव होल्स्ट यांच्या 'द प्लॅनेट्स'मधील 'नेपच्यून' या अखेरच्या भागात स्त्रियांचा वृंद शेजारच्या खोलीत बसवून तिचे दार हळूहळू बंद करण्याची सूचना आहे. दारामागे गाणे मात्र चालूच असते.

फेड कोरलेली फाइल तेवढी उरली आणि मूळ चित्रीकरण पुसले गेले असेल तरी सर्व काही संपत नाही. गुणाकार उलटा करता येतो. १६ बिटच्या ध्वनीला साधारण ९६ डेसिबलचा आवाका असतो आणि दर ६ डेसिबलच्या घटीमागे सुमारे एक बिट हातचा जातो. वजा २० डेसिबलवर दबलेला शब्द ऑडॅसिटीत निवडून 'ॲम्प्लिफाय'ने किंवा एनव्हलप टूलने वर उचलला तर बऱ्यापैकी स्वच्छ परत मिळतो. वजा ४० वर तो खरखरीसकट येतो, पण ओळखता येतो. वजा ६० वर सोळांपैकी सहा बिट उरलेले असतात, आणि एएसीने तो ध्वनी ऐकू न येणारा म्हणून आधीच बराच टाकून दिलेला असतो. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेल्या प्रतीत त्याहून कमी सापडते. म्हणून शोध घ्यायचाच तर सर्वांत जुन्या प्रतीपासून सुरुवात करावी : ज्या मोबाईलवर चित्रीकरण झाले तो, त्यातले मेमरी कार्ड, गूगल फोटोजमधील प्रत, संपादनाच्या प्रकल्पाचे फोल्डर. 'विकले'नंतरचा अर्धा सेकंद यांपैकी कुठेतरी अजून शाबूत असण्याची शक्यता एक्सपोर्ट केलेल्या फाइलीपेक्षा अधिक असते.